चार भाग बघून 'द एक्सपान्स'ला नावं ठेवणाऱ्या जळगावकर भाऊंना उत्तर

पांझराकाठी:

परवा जळगावकर८८ यांनी लिहिलं की 'द एक्सपान्स' ही सिरीयल (माणसं मंगळावर आणि लघुग्रहांवर राहायला गेल्यानंतरची अंतराळातली गोष्ट) लोकांनी उगाच डोक्यावर घेतलीय. चार भाग बघितले, नुसता अंधार, नुसती भांडणं, ती बेल्टवाली, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातली माणसं कसलं तरी मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात ते सबटायटल लावूनही कळत नाही. आणि शेवटी, "पाण्यासाठी अंतराळात मारामाऱ्या हे पटतच नाही, आपण सायन्स फिक्शन बघतोय की दुष्काळाची बातमी?" हे शेवटचं वाक्य मला लागलं. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय म्हणून बसून लिहितोय, लांब होईल, ज्यांना कंटाळा त्यांनी पुढे जा.

भाऊ, तुम्ही ज्याला दोष म्हणताय त्याच्यासाठीच मी सहाच्या सहा सीझन, सगळे ६२ भाग, तीनदा बघितलेत. कँटरबरी नावाचं जहाज शनीच्या कड्यांमधून बर्फ घेऊन बेल्टमधल्या सेरेस नावाच्या बटुग्रहावरच्या वस्तीला निघालंय. लढाऊ जहाज नाही, कुठला शोध लावायला निघालेलं नाही. पाण्याचा टँकर आहे तो! जुनाट, ठिगळं लावलेला, वर काम करणारी माणसं पगार आणि बोनसचा हिशोब करणारी. ते जहाज कोणीतरी उडवतं आणि पुढच्याच भागात सेरेसवर पाण्याची कपात लागते. मंगळ, पृथ्वी, युद्ध सगळं तिथून पेटतं. लहानपणी दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायचं तेव्हापासून अंतराळाच्या सिरीयली बघतोय, पण त्यात कोणाला तहान लागलेली मी कधी बघितली नव्हती.

माझे आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे होते, पांझरेवरच्या फडात. साक्री-धुळ्याकडच्यांना सांगायला नको, नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक आणि कोणत्या फडाला पाणी ते गावाने बसून ठरवायचं. पाणी कमी त्या साली एखादा फड कोरडा ठेवायचे, पण प्रत्येकाचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात, त्यामुळे मार बसला तर सगळ्यांना बसायचा. आजोबा रात्री कंदील घेऊन पाटावर जायचे, सातवी-आठवीत मी बरोबर गेलोय. चारीचं तोंड फोडायचं तर कुदळीचे दोन घाव, बंद करायचं तर गवताचा पेंढा आडवा टाकून वर पायाने चिखल दाबायचा. मग ते वाकून पेंढ्याच्या खाली हात घालायचे, कुठून झिरपतंय का बघायला. करंगळीएवढी धार लागली हाताला तरी पेंढा काढून परत पहिल्यापासून. कारण तेवढ्या धारेवरून सकाळी माणसं दारात यायची.

सेरेसवर असा पाटकरी नाही. तिथे नळ आहे आणि नळाची चावी ज्याच्या हातात तो दुसऱ्या ग्रहावर राहतो. हवेचंही तेच. मिलर नावाचा पोलीस वस्तीत फिरतो, पोरं खोकतायत कारण मालकाने हवेचे फिल्टर बदललेले नाहीत, आणि मिलर त्याच मालकाकडून पैसे खातो. हे पटत नाही म्हणता?

आणि ते मोडकंतोडकं इंग्रजी. निक फार्मर म्हणून भाषातज्ज्ञ आहे, त्याने सिरीयलसाठी ही बोली बसून घडवलीय, तिला स्वतःचं व्याकरण आहे. हातवारे एवढे का, तर स्पेससूटमध्ये मान डोलावलेली दिसत नाही, रेडिओ बंद पडला तर हातानेच बोलायचं, ती सवय पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आपल्या अहिराणीला बाहेरची माणसं हेच म्हणतात, मोडकी मराठी. तुम्ही जळगावचे असून तेच म्हणावं याचं जास्त वाईट वाटलं.

जळगावकर८८:

आजोबांबद्दल आदर आहे, पण आजोबा तुमचे आहेत, सिरीयलवाल्यांचे नाहीत. तुम्ही स्क्रीनवर पांझरा बघताय, मी जे समोर चालू आहे ते बघतोय. सकाळी नऊपासून दुकानात उभा असतो, रात्री साडेदहाला जेवून तासभर मिळतो. त्या तासात पहिल्या भागात तीन ठिकाणं आणि पंधरा माणसं, कोण कोणाचा ते कोणी सांगत नाही. इकडे जहाज, तिकडे सेरेस, मध्येच पृथ्वीवर साडी नेसलेली बाई एका माणसाला हुकांना टांगून छळतेय, का ते कळेपर्यंत भाग संपला. बघणाऱ्याने वही घेऊन बसायचं का? गोष्ट सांगता येत नसली की लोक म्हणतात खोल आहे, खोल आहे.

दुसरं. अहिराणीबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडात घातलंत. आणि अहिराणी माझी भाषा नाही. आमच्या घरात लेवा बोलतात. जळगाव म्हटलं की अहिराणी चिकटवून मोकळं व्हायचं, ही तुम्हा धुळेकरांची जुनी सवय आहे.

भुसावळ_लोको:

भाषेचं तुम्ही बघून घ्या. मला "पटत नाही" वर बोलायचंय. एप्रिल २०१६ विसरलात का भाऊ? मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, एका वाघिणीत ५० हजार लिटर म्हणजे ५ लाख लिटर, आणि ती गाडी लातूरला लागली तेव्हा लोक टेशनवर बघायला उभे. मी त्या गाडीवर नव्हतो पण आम्हा ड्रायव्हर लोकांच्या रनिंग रूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ती गाडी मध्येच कोणी उडवली असती तर लातुरात काय झालं असतं विचार करा. कँटरबरी म्हणजे तीच गाडी.

मला सिरीयल आवडली ती ब्रेकसाठी. हसू नका, खरं सांगतोय. बाकी सगळीकडे जहाज भुर्रकन जातं आणि पाहिजे तिथे थांबतं. इथे अर्ध्या वाटेपर्यंत जोर लावायचा, मग जहाज उलटं फिरवायचं आणि उरलेली अर्धी वाट त्याच इंजिनाने वेग मारत जायचं. ५८ डब्यांची भरलेली मालगाडी ज्याने उतारावर सांभाळलीय त्याला विचारा, चालवणं म्हणजे थांबवणंच असतं. पहिल्यांदा ते जहाज उलटं फिरताना बघितलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं.

पण चौथा सीझन बेकार. एका ग्रहावर उतरले आणि दहा भाग माती खात बसले, जहाजं नाहीत काही नाही. आणि शेवटचा सीझन सहाच भागांचा! कादंबऱ्या नऊ आहेत, सिरीयल सहाव्यावर थांबली. लॅकोनिया नावाच्या ग्रहाचं प्रकरण उघडायचं, ती लहान पोरगी आणि तिचा मेलेला भाऊ दाखवायचा आणि तसंच सोडून द्यायचं? २०१८ मध्ये सिफाय चॅनेलने बंद केली तेव्हा लोकांनी पैसे गोळा करून अमेझॉनच्या ऑफिसवरून विमानाने फलक फिरवला होता, सिरीयल वाचवली. एवढं करून मिळाले सहा भाग.

चोपड्याचे_सर:

मी पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, म्हणून "सगळ्यात शास्त्रशुद्ध सिरीयल" असं कोणी म्हटलं की राहवत नाही. पांझराकाठी, तुमचा मुख्य आधार सेरेस आहे ना, तर वही घ्या. सेरेसचा व्यास साधारण ९४० किलोमीटर, स्वतःभोवती ९ तासांत एक फेरी, स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या ३ टक्केही नाही. सिरीयलमध्ये त्याला फिरवून आत ०.३ जी, म्हणजे पृथ्वीच्या ३० टक्के गुरुत्व केलंय. त्रिज्या ४७० किलोमीटर धरून मांडा, एक फेरी ४२ मिनिटांच्या आसपास येते. एवढ्या वेगाने फिरवला तर सेरेस टिकणार नाही, कारण तो अखंड खडक नाही, स्वतःच्या क्षीण गुरुत्वाने धरून ठेवलेला माती-बर्फाचा गोळा आहे. तोंड सुटलेल्या पोत्यातून ज्वारी उडावी तसा उडेल.

आणि पाणी! नासाचं डॉन यान मार्च २०१५ मध्ये सेरेसभोवती पोचलं. त्याच्या मोजमापांवरून सेरेसच्या वस्तुमानाचा चौथा हिस्सा तरी पाणी आहे असा अंदाज आहे. म्हणजे पृथ्वीच्या सगळ्या समुद्रांच्या सहाव्या हिस्स्याइतकं. ज्याच्या पोटात एवढं पाणी त्याला शनीवरून टँकर? पहिली कादंबरी २०११ ची, तेव्हा यान पोचलेलं नव्हतं, लेखकांना तेवढी सूट देतो. पण सूट म्हणजे शुद्धता नव्हे.

पांझराकाठी:

सर, सेरेसचा बर्फ पृथ्वी आणि मंगळाने आधीच खरवडून नेला असं सिरीयलमध्ये सांगितलंय.

चोपड्याचे_सर:

समुद्रांचा सहावा हिस्सा? नेला कशात आणि ठेवला कुठे?

पांझराकाठी:

बरं. आकडा तुमचा बरोबर, माझ्याकडे उत्तर नाही. पण सर, तुम्ही चोपड्याचे, तापी तुमच्यापासून किती लांब? उन्हाळ्यात तुमच्याकडे टँकर येत नाही का? धरण उशाला, कोरड घशाला, हे शास्त्राला धरून आहे का? पाणी जमिनीत असणं आणि माणसाच्या हंड्यात पडणं यात जे अंतर आहे ती सगळी सिरीयल त्या अंतराची आहे. आणि मिलर ग्लासात दारू ओततो तेव्हा धार सरळ पडत नाही, बाजूला वळते, ती कोणी वळवली? फिरत्या जागेत धार वळणारच हे तुम्हीच वर्गात शिकवलं असेल ना.

चोपड्याचे_सर:

शिकवलं. ती धार बरोबर आहे, आणि सेरेसच्या आत तो पक्षी एक-दोनदाच पंख मारून तरंगत जातो तेही चांगलं दाखवलंय. हे मी नाकारलेलं नाही. उन्हाळ्यात टँकर येतो, तेही नाकारत नाही.

यावलची_लेक:

मी इतका वेळ वाचत होते. जळगावकर८८ जे म्हणाले त्याला माझा पाठिंबा, सिरीयलबद्दल नाही, भाषेबद्दल. पांझराकाठी दादा, "आपली अहिराणी" म्हणजे कोणाची आपली? रावेर, यावल, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात लाखो माणसं लेवा बोलतात. दर वेळी खान्देशी कार्यक्रमात अहिराणी गाणी आणि मागे फोटो बहिणाबाईंचा! बहिणाबाई आसोद्याच्या, लेव्यांच्या घरातल्या, ज्या बोलीत ओव्या रचल्या ती आमची बोली, आणि निवेदक माईकवरून सांगतो अहिराणीच्या महान कवयित्री. मी एकदा उठून बोलले तर शेजारच्या बाई म्हणाल्या बस ना, काय फरक पडतो.

पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी "मले काय माहीत" म्हणाले. त्या खोलीत तीन वर्षं माझं नाव 'मले' होतं. तेव्हा माझ्याच मजल्यावर शिंदखेड्याची मुलगी होती, अहिराणीवाली, तीही त्यांच्यात मिळून हसायची. म्हणून सांगते, ज्याच्यावर हसतात तो दुसऱ्यावर हसत नाही असं काही नाही.

पांझराकाठी:

ताई, माझ्याही वर्गात हेच झालंय. "मनं दप्तर घर ऱ्हायनं" म्हणालो तर शिक्षकांनी फळ्याजवळ उभं करून तेच वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं आणि प्रत्येक वेळी वर्ग हसला. त्यानंतर दहावीपर्यंत मी शाळेत आपण होऊन तोंड उघडलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, आपण एकमेकांत भांडून काय मिळणार, बहिणाबाई सगळ्या खान्देशच्या आहेत.

यावलची_लेक:

सगळ्या खान्देशच्या म्हणायचं आणि बोलीचं नाव मात्र तुमचं लावायचं. यालाच आम्ही वैतागलोय.

जळगावकर८८:

अगदी बरोबर बोलल्या ताई.

चोपड्याचे_सर:

भाषेवर बोलायचंच तर नीट बोला. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खान्देशी मराठीत नाही, भिल्ल भाषांबरोबर घातलीय. जनगणनेतही खान्देशी वेगळी मोजतात आणि अहिराणी तिच्यात धरतात. २००१ ला साधारण २० लाख ७५ हजार, २०११ ला १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसं वाढली आणि भाषा कमी झाली. का, ते आपण आपल्याला विचारायचं.

जळगावकर८८:

पांझराकाठी, २०११ ला तुम्ही मातृभाषा काय सांगितली होती?

भुसावळ_लोको:

आता उत्तर द्या भाऊ.

पांझराकाठी:

मराठी सांगितली. मोजणी करणारे बाई दारात उभ्या होत्या, वडील आत होते, मीच सांगितलं. त्या वेळी दुसरं काही सांगता येतं हे डोक्यातच आलं नाही. घरात तेव्हा आई ओट्यावर बसून शेजारणीशी अहिराणीतच बोलत होती. हे लिहायला मला सोपं जात नाहीये.

जळगावकर८८:

मी पण मराठीच सांगितलं होतं. तो मुद्दा सोडतो.

धडगाव_शिक्षिका:

मोजणीत तुम्हाला निदान जागा तरी आहे. मी धडगाव भागात पहिली-दुसरीला शिकवते, मूळची नंदुरबारची. माझ्या वर्गातली पोरं पावरी बोलतात. त्यांना तुमची अहिराणी, तुमची लेवा आणि पुस्तकातली मराठी तिन्ही सारखीच परकी. पहिल्या वर्षी मी चित्र दाखवून विचारायची हे काय, पोरगं बरोबर उत्तर द्यायचं, पण पावरीत, आणि मी चूक म्हणायची. दिवाळीपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की पोरांना येतंय, मलाच येत नाही. खान्देशची भाषा कोणती यावर तुम्ही भांडताय त्यात या पोरांचं नाव एकदाही आलं नाही.

आता सिरीयल. मला सिरीयलचा राग आहे आणि तो जळगावकरांच्यापेक्षा मोठा आहे, कारण मी शेवटपर्यंत बघितलीय. तीन सीझन आपल्याला सांगितलं की बेल्टर पिळले गेलेत, पाणी नाही, हवा विकत, कमी गुरुत्वात वाढल्याने हाडं ठिसूळ, पृथ्वीवर उभं राहिलं तरी जीव जातो. मग त्यांच्यातून एक पुढारी उभा राहतो तर तो कोण? मार्को इनारोस. पृथ्वीवर दगड फेकून लाखो माणसं मारणारा, स्वतःच्या पोरालाही वापरून टाकणारा. म्हणजे पिळलेल्यांनी मागितलं की ते खुनीच निघणार? हे कोणाच्या सोयीचं आहे? पांझराकाठी, तुम्ही ज्या सिरीयलला पाणी नसलेल्यांची बाजू घेणारी म्हणता तिने शेवटी त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

पांझराकाठी:

ताई, ड्रमर कुठे गेली? ती बेल्टरच आहे आणि मार्कोच्या समोर तीच उभी राहते, त्यासाठी तिने स्वतःची माणसं गमावली. होल्डनची साथीदार नेओमीही बेल्टर. शेवटी नव्या ट्रान्सपोर्ट युनियनची अध्यक्षाची खुर्ची सिरीयलचा नायक होल्डनला देतात, तो तिथेच राजीनामा देऊन ती ड्रमरला देतो. बेल्टर एकसारखे नाहीत एवढंच सिरीयल म्हणते.

धडगाव_शिक्षिका:

पण खुर्ची दिली कोणी? पृथ्वीच्या माणसाने. तिला मिळाली ती त्याच्या मोठ्या मनामुळे, तिच्या हक्काने नाही. तो भाग बघताना मी टीव्हीसमोर उठून उभी राहिले होते रागाने. ड्रमर माझी आवडती आहे, तिचं काम करणारी कारा गी कॅनडातल्या ओजिब्वे आदिवासी समाजाची आहे, तिच्या आवाजात जे आहे ते लिहून येत नाही. म्हणूनच जास्त लागलं.

आणि लोको दादा, तुम्हाला जो चौथा सीझन माती खाणारा वाटला तो मला सगळ्यात खरा वाटला. इलसवर, त्या नव्या ग्रहावर, आधी कोण पोचलं? गॅनिमीड या गुरूच्या चंद्रावरची वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर कुठेच थारा न मिळालेली माणसं. त्यांनी वस्ती केली, खाण सुरू केली. मग कंपनी आली, हातात पृथ्वीचा परवाना, आणि म्हणाली ही जागा आमची, तुम्ही घुसखोर. आमच्याकडे वनपट्ट्याचे दावे कसे चालतात ते बघायला या. कायदा २००६ चा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत होता हे दाखवा म्हणतात. म्हातारा बांधावरचं झाड दाखवतो, बापाने लावलं म्हणून. समोरचा म्हणतो कागद दाखवा. नर्मदेवरच्या धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणीतली. माझ्या वर्गातल्या दोन पोरींचे आजोबा त्यातल्याच गावांचे. इलसची ती माणसं ताडपत्रीच्या तंबूपुढे उभी राहून कंपनीच्या माणसाशी बोलतात ना, तो सीन मी थांबवून थांबवून बघितलाय. तुम्हाला तिथे जहाज पाहिजे होतं.

भुसावळ_लोको:

ताई मी असा विचार केला नव्हता. पण तरी दहा भाग जास्तच होते, सहात झालं असतं. आणि मर्ट्री म्हणून जो खलनायक आहे तो पहिल्यापासून नुसता दात खात फिरतो.

धडगाव_शिक्षिका:

मर्ट्रीबद्दल मान्य.

यावलची_लेक:

गॅनिमीड निघालंच तर मी एवढंच म्हणते की ही सिरीयल माझ्या वडिलांना दाखवायची होती, ते राहून गेलं. गॅनिमीड म्हणजे बाहेरच्या सगळ्या वस्त्यांचं धान्याचं कोठार, मोठमोठ्या आरशांनी ऊन आणून शेती. वरून युद्ध होतं, आरसे पडतात. आणि तो प्रॅक्स, झाडांचा अभ्यास करणारा, एक पिवळं पान बघून सांगतो की हे स्टेशन मेलेलं आहे, अजून कोणाला कळलेलं नाही एवढंच. एक गोष्ट बिघडली की तिची जागा दुसरी घेते, मग तिच्यावर भार येतो, मग ती. बाकीचे त्याला वेड्यात काढतात.

आमच्या केळीच्या बागेत एका साली सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा व्हायरस आला. पप्पांनी सकाळी पोंग्यातलं एकच पान हातात धरून उन्हाकडे केलं, त्यावर फिकट पट्टे होते, बारीक, मला दिसलेही नाहीत. त्यांनी पान खाली ठेवलं आणि म्हणाले, "गेला बाग." मी म्हटलं एका पानावरून? महिनाभरात सतराशे झाडं उपटून बांधावर टाकली. मैलोन्‌मैल एकच वाण, एकसारखी टिश्यू कल्चरची रोपं, एकाला लागलं की सगळ्यांना. बोअर तेव्हा सातशे फुटावर होता, आता विचारू नका. म्हणून जळगावकर भाऊ, भाषेबद्दल मी तुमच्या बाजूने असले तरी सिरीयलबद्दल नाही. तुम्ही केळीच्या मुलखात राहता, प्रॅक्सपर्यंत तरी पोचायचं होतं, तो दुसऱ्या सीझनमध्ये येतो.

जळगावकर८८:

मी चारच भाग बघितलेत हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सहाही सीझन सांगून टाकले. कोण मरतं, कोण अध्यक्ष होतं, कोण दगड फेकतं, सगळं. आता बघायला उरलं काय? यावर कोणी माफी मागणार आहे का?

भुसावळ_लोको:

चुकलंच. लॅकोनियाचं मी सांगायला नको होतं.

पांझराकाठी:

माझंही चुकलं भाऊ, ड्रमरचं शेवटचं सांगायचं नव्हतं. आणि अहिराणीचं तुमच्या तोंडी घातलं तेही चुकलं, तुमच्या घरची बोली न विचारता. पण पाण्याबद्दल जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. आणि ती बोली मोडकी नाही, यावरूनही हटत नाही.

चोपड्याचे_सर:

मग एक सांगा. बेल्टर स्वतःला 'बेल्टालोवदा' म्हणतात, ते आपल्याकडे कसं म्हणाल? इंग्रजीत नुसतं 'वुई बेल्टर्स' होतं, पण आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं.

पांझराकाठी:

"आपला लोके." आपलाच. पृथ्वीवाल्याशी भांडताना म्हटलं तर मात्र "आम्हना लोके".

यावलची_लेक:

आम्ही "आपले लोकं" म्हणू. भांडताना "आमचे".

धडगाव_शिक्षिका:

उद्या वर्गात विचारते. पोरंच सांगतील, मी लिहून आणते.

जळगावकर८८:

काल रात्री दुसरा भाग परत लावला. मुद्दाम नाही, तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून. वडील खाटेवर बसले होते, त्यांना इंग्रजी येत नाही, मी मध्येमध्ये सांगत होतो की हे बर्फाचं जहाज होतं, ते गेलं, आता इथे पाणी बंद होणार. सेरेसवर गर्दी उसळते तिथे ते पुढे सरकून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "इतक्या लांबून बरफ आनतात त मंग पानी कोन्या भावानं इकतात?" मला सांगता आलं नाही. सिरीयलमध्ये कुठे भाव सांगितला असेल तर कितव्या भागात आहे ते लिहा, ते आज परत विचारणार आहेत. अंधार मात्र आहेच, टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही अर्ध्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत.